वाऱ्यानं भरलेल्या बाह्या

तारामतीला पाचही गाणी तोंडपाठ होऊन सगळा पावसाळा उलटला, तरी ती कुणाची आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. विचारलं नव्हतं असं नाही. पहिलं गाणं हाती आलं तेव्हाच तिनं विष्णुपंतांना विचारलं होतं, "गुरुजी, कुणाची कविता ही?" तंबोऱ्याच्या खुंट्या पिळता पिळता विष्णुपंत म्हणाले होते, "पूर्वेकडच्या लोकांची. सोलापूरच्या एका प्राध्यापकांनी मराठीत आणली आहे." पूर्वेकडच्या म्हणजे बंगाल्यांची असणार, असं तारामतीनं धरलं. बंगाली लोक कविता फार करतात, एवढं तिच्या कानावर होतं.

मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन थोडाच काळ झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. तारामती तुळजापूरला मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. माहेर लोहाऱ्याचं. वडील निजामाच्या अमलात प्राथमिक शाळेचे मास्तर, म्हणून तिला चार अक्षरं येत होती. सासर अणदूरचं, शेतकऱ्याचं घर. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच नवरा, बलभीम, निजामाच्या पलटणीत भरती झाला आणि महायुद्धात मलायाकडं गेला. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांनी हजारो हिंदी शिपाई धरले, त्यांत तोही सापडला. पुढं त्यांना जहाजात कोंबून कुठल्याशा बेटावर नेलं. लढाई संपल्यावर सरकारी कागद आला. कैदेत असताना आजारानं मृत्यू, एवढंच त्यात होतं.

कागदामागोमाग लिंबाजी आला. हा जळकोटचा, बलभीमच्याच पलटणीतला, हाडांचा सापळा होऊन परतलेला. ओट्यावर बसून त्यानं बलभीमच्या आईला, मथुराबाईला, सांगितलं की बलभीम तापानं गेला, फार हाल झाले नाहीत. तारामती दाराआड उभी होती. लिंबाजीची नजर सारखी खाली जात होती, ते तिला खटकलं. तो जायला निघाला तेव्हा तिनं त्याला आडावर गाठून खोदून विचारलं. मग त्यानं खरं काय ते सांगितलं. विमानं उतरायला जमीन सपाट करायचं काम होतं. पोटाला झाडपाला. बलभीम तापानं फणफणला होता, उठता येत नव्हतं, तर पहाऱ्यावरच्या जपान्यानं बंदुकीच्या दस्त्यानं त्याला मारलं. त्यातून तो सावरला नाही. तारामतीनं लिंबाजीकडून वचन घेतलं की हे आत्यांना कधी कळू द्यायचं नाही. सासूला ती आत्या म्हणायची.

पोलीस ॲक्शननंतर गावोगाव मुलींच्या शाळा निघाल्या आणि शिकवायला बाया मिळेनात. तेव्हा मथुराबाईनंच सुनेला घराबाहेर काढलं. "हितं बसून काय करशील? तुजा दीर कोंडीराम हाय, त्याची बायकू हाय, शेताचं बगत्यात. तू जा, चार पोरी शिकीव," म्हणाली. भावकीनं तोंडं वाकडी केली, पण मथुराबाईपुढं कुणाचं चाललं नाही. तारामती तुळजापूरला आली, आणि तिला खोली मिळाली ती विष्णुपंतांच्या घराला लागून.

विष्णुपंत जुन्या उपाध्ये घराण्यातले. तरुणपणी घरातून पळून मिरजेला गेले, तिथं गुरूच्या घरी पाणी भरून गाणं शिकले आणि परत येऊन आयुष्यभर गावातल्या पोरांना सरगम शिकवत राहिले. साठीला आले तेव्हा घशाच्या दुखण्यानं त्यांचा आवाज गेला. बोलताना कळत नसे, पण सूर लावला की तो फाटायचा. शाळेच्या प्रार्थनेत तारामतीचा आवाज त्यांच्या कानावर पडला. त्याच संध्याकाळी ते तिच्या दारात येऊन म्हणाले, "आवाज चांगला आहे, पण कुणी त्याला वळण लावलेलं नाही. उद्यापासून येत जा." ती गेली, आणि मग जातच राहिली. बलभीमचं खरं काय झालं, तेही पुढं तिनं त्यांना एकट्यांनाच सांगितलं.

ही पाच गाणी म्हणजे विष्णुपंतांचा प्राणच होता. तीन तीन ओळींच्या एवढ्याशा कविता, त्यांना पाच रागांत बांधून त्यांनी एक माळ केली होती. पहाटेच्या भटियारात सुरुवात, मग सकाळची तोडी, दुपारची भीमपलासी, दिवेलागणीचा मारवा आणि शेवटी रात्रीचा बागेश्री. एक अख्खा दिवस एका बैठकीत. पहाटेचा राग संध्याकाळी गायचा म्हणजे पाप, असं म्हणणारे गावात होते. विष्णुपंत त्यांना उत्तर देत नसत. पहिल्या गाण्याचे बोल असे होते:

धुकं सरलं.
पलीकडच्या काठावरही
कुणी उभं होतं.

तबल्याला नळदुर्गाचा महांतप्पा असे. दर रविवारी तबला-डग्गा धोतरात बांधून एस.टी.नं यायचा. पहिल्या दिवशी त्याची मोठी पंचाईत झाली. "पंत, स्थायी झाली. अंतरा कुठाय?"

"नाही."

"न्हाय म्हंजे? मग समेवर येऊन मी करू काय?"

"थांबायचं," विष्णुपंत म्हणाले. "या कवितांना अंतरा नाही. सांगायचं ते तीन ओळींत सांगून झालंय. आपण शेपूट लावायचं नाही."

महांतप्पा डोकं खाजवत राहिला, पण पुढं त्यालाही गोडी लागली.

तारामतीला सगळ्यांत जवळचं वाटे ते भीमपलासीतलं, मधलं गाणं.

तुझा सदरा धुतला,
दोरीवर घातला.
वाऱ्यानं बाह्या भरल्या.

ते शिकताना पहिल्याच दिवशी तिला रडू फुटलं होतं. बलभीम भरतीला गेला त्या दिवशी त्याचा अंगातला सदरा घरीच राहिला होता. तो धुऊन तिनं दांडीवर टाकला आणि वाऱ्यानं तो असाच फुगला होता. तिनं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तिनं विष्णुपंतांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बराच वेळ तंबोरा छेडत बसले आणि म्हणाले, "आज इथंच थांबू."

कार्यक्रम ठरला तो उस्मानाबादच्या वाचनालयाच्या वार्षिक उत्सवात. वाचनालयाचे चिटणीस नारायणराव वकील, हौशी गृहस्थ. त्यांनी सोलापूरच्या प्राध्यापकांनाही बोलावलं. गाण्याआधी त्यांनी कवितांविषयी दोन शब्द सांगावेत, अशी योजना होती. विष्णुपंत त्या दिवसांत सारखे अस्वस्थ दिसायचे. तारामतीला वाटे, कार्यक्रमाची काळजी असेल. दोनदा त्यांनी "तारा, तुझ्याशी जरा बोलायचंय," म्हणून सुरुवात केली आणि मग तानेतली एखादी चूक काढून विषय तिथंच सोडला.

शेवटी ते महांतप्पाच्या तोंडून बाहेर पडलं. रविवारची तालीम होती. डग्ग्यावर बोटानं टिचकी मारत तो सहज म्हणाला, "बाई, परवा नळदुर्गाच्या मोटारस्टँडवर वकीलसाहेबांचा कारकून भेटला हुता. म्हणला, औंदा वाचनालयात जपानी गाणी हैत. मी म्हणलं, कोण गातंय? तर म्हणला, तुमीच की! आता बगा, इतके दिवस ठेका धरतोय मी, आन मलाच पत्ता न्हाय!" आणि तो मोठ्यानं हसला.

तारामतीची बोटं तंबोऱ्यावर फिरतच राहिली. तिनं विष्णुपंतांकडं पाहिलं. ते मांडीवरच्या पंच्याची घडी उलगडत होते, पुन्हा घालत होते. दुसरं काही विचारायची गरज नव्हती.

"महांतप्पा, जरा बाहेर ओट्यावर बसता का?" ती म्हणाली.

त्याचं हसू मावळलं. काय चुकलं ते न कळून तो उठून गेला. तारामतीनं तंबोरा भिंतीला टेकवला.

"तुम्ही मला पूर्वेकडची म्हणालात."

"जपान पूर्वेलाच आहे, तारा." बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ते उत्तर लागलं असावं. ते लगेच म्हणाले, "नाही. मी मुद्दामच तसं म्हणालो."

"का?"

"तू गायली नसतीस."

"मग नसते गायले! ते माझं मी ठरवलं असतं की नाही?"

विष्णुपंतांनी पंचा बाजूला ठेवला. मग बसल्या आवाजात म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांच्या बंदिशी शिकवत आलो मी. माझं म्हणावं असं एवढंच आहे. आणि ते सुचलं तेच तुझ्या आवाजात सुचलं. माझा तर... तुला ठाऊक आहे. जिल्ह्यात दुसरं कोण गाणार हे? मला वाटलं, आधी गाणं तुझ्यात मुरू दे, मग सांगू. मग मुरलं, आणि सांगायचा धीर होईना."

"बलभीमचं काय झालं ते तुम्हाला सांगितलं होतं मी. एकट्या तुम्हाला."

"हो."

"सदऱ्याचं गाणं शिकवताना मी रडले. तुम्ही समोर बसला होतात. तेव्हा सांगायचं होतं. त्याच दिवशी."

विष्णुपंतांनी मान वर केली नाही. "हो. त्या दिवशी सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

ती घरी आली आणि भांडी घासायला बसली. घासता घासता तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय, आणि जे गुणगुणतोय ते तेच आहे. तिनं ओठ घट्ट मिटले. तरी सूर आत चालूच होता. आठवडाभर असंच चाललं. फळ्यावर गणित लिहिताना, चूल फुंकताना, कुठंही तो सूर यायचा. ती मनातल्या मनात शाळेची प्रार्थना म्हणून त्याला बुजवायची आणि प्रार्थना संपली की तो पुन्हा वर यायचा. विष्णुपंतांकडं ती गेली नाही. त्यांनीही बोलावणं पाठवलं नाही. भिंतीपलीकडून तंबोऱ्याचा आवाजसुद्धा बंद झाला होता.

शनिवारी शाळा सुटल्यावर तिनं अणदूरची एस.टी. धरली. आत्यांना काही सांगायचं असं तिच्या मनात नव्हतं. नुसतं घरी जावंसं वाटलं.

रविवारी तांबडं फुटताना तिला जाग आली ती जात्याच्या घरघरीनं. गावात इंजिनाची गिरणी आली होती, पण शेरभर तरी जात्यावर दळल्याशिवाय मथुराबाईला सकाळ झाल्यासारखी वाटत नसे. म्हातारी दळता दळता गात होती. चाल ऐकून तारामती अंथरुणावर उठूनच बसली.

सदरा धुतला गं, दांडीला वाळू दिला,
वाऱ्यानं भरल्या बाह्या, बलभीम माझा आला.

म्हातारी तेच पुन्हा पुन्हा घोळवत होती. भीमपलासीची ती चाल जात्याच्या फेऱ्यात अशी बसली होती, जशी काही तिथंच जन्मली असावी.

तारामती उठून जात्याच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसली. "आत्या, हे कुठनं घेतलं?"

"तुज्याकडनंच की," मथुराबाई म्हणाली. "पंचमीला आली व्हतीस तवा चुलीपाशी म्हणत व्हतीस. लई ग्वाड चाल हाय. पर तुजं गाणं अर्धंच हाय बग. नुस्त्या बाह्या भरत्यात, आन म्होरं कायच न्हाय. मग म्या लावलं म्होरलं."

तारामतीनं खुंट्याला हात घातला. दोघी मिळून थोडा वेळ दळत राहिल्या. म्हातारीनं पुन्हा तोंड उघडलं, तसं मात्र तिला राहवलं नाही.

"आत्या, नका म्हणू. ते गाणं त्या लोकांचं हाय."

"कुणाचं?"

"जपान्यांचं."

जातं थांबलं. मथुराबाईनं पदरानं कपाळ पुसलं. "माज्या पोराला ज्यांनी मारलं, त्यांचं?"

तारामती चपापली. इतकी वर्षं या घरात बलभीम तापानं गेला, असंच सगळे म्हणत आले होते. "मारलं नाही, आत्या, ते तापानं..."

"ताप व्हता. पर उठंना म्हणून बंदुकीच्या दांड्यानं हाणलं त्याला." म्हातारीचा आवाज अगदी सपाट होता. "लिंबाजी निघाला तवा म्या त्याला पाणंदीत गाठलं. आईसंगं खोटं बोलशील तर किडं पडत्याल म्हणलं. मग सांगितलं त्यानं. तुला कळू द्यायचं न्हाय, म्हणून त्याच्याकडनं भाक घेतली म्या. तू ल्हान व्हतीस."

"मला ठाऊक होतं, आत्या. मी आडावर विचारलं त्याला."

 बाहेर कोंडीराम बैल सोडत होता, त्यांच्या घुंगरांचा आवाज आत येत होता. तारामतीला वाटलं, आता आत्या रडतील आणि आपणही त्यांच्या गळ्यात पडून रडू. तसं काही झालं नाही.

"आन त्यांचं गाणं म्या माज्या लेकाचं नाव घालून म्हणलं," मथुराबाई म्हणाली. "रोज म्हणलं." तिनं पदराचं टोक घेऊन ओठ पुसले, एकदा पुसले, पुन्हा पुसले. "तुला कवा कळलं?"

"गेल्या रविवारी. गुरुजींनी लपवून ठेवलं माझ्यापासनं."

"मग तुज्यावर राग न्हाय. पर हितनं म्होरं त्यो सूर ह्या घरात नको."

"उस्मानाबादला गायचं ठरलंय, आत्या. काय करू? जाऊ का नको?"

"ते मला इचारू नगंस. तू शिकलेली हायेस. तुजं तू बग."

म्हातारी उठली. जात्याभोवतीच्या पाळ्यात अर्धं दळलेलं पीठ तसंच पडून राहिलं. दिवसभर ती तारामतीशी बोलली ती फक्त कामापुरतं, आणि एस.टी.वर सोडायलाही आली नाही.

परतीच्या गाडीत तारामती खिडकीशी बसून विचार करत होती. न गावं, तर गाणी काही तिच्यातून निघून जाणार नव्हती. आणि लोक म्हणणार, बिचारी, नवरा गेला त्या आठवणीनं कोसळली. ती 'बिचारी' तिला नको होती. आणि काहीच न बोलता गावं, तर उस्मानाबादच्या मांडवात बसलेली सगळी माणसं माना डोलावणार आणि त्यांना कळणारसुद्धा नाही की आपण काय ऐकतोय. नळदुर्ग मागं पडलं, तुळजापूरचा घाट जवळ आला, तरी तिचं ठरत नव्हतं. उतरली ती थेट विष्णुपंतांच्या दारात गेली.

"मी गाईन," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "पण आधी मी बोलणार. माझा नवरा कुठं गेला, कसा गेला, ते सांगणार. मगच गाणार."

विष्णुपंत आठवड्यात पार खंगले होते. त्यांनी मानेनंच होकार दिला.

नारायणराव वकिलांना मात्र हे पटेना. कार्यक्रमाच्या दिवशी मांडवामागच्या खोलीत त्यांनी तारामतीला समजावून पाहिलं. "बाई, तुमच्या दुःखाबद्दल मला आदर आहे. पण कलेच्या कार्यक्रमात युद्ध कशाला? कलेक्टरसाहेब येताहेत. आता जपानशी आपली मैत्री आहे. ते प्राध्यापक मुद्दाम एवढ्या लांबून आलेत. सगळा विरस होईल."

तारामती काही बोलण्याआधीच कोपऱ्यातून विष्णुपंत म्हणाले, "ती बोलेल. नाहीतर तंबोरा गवसणीत घालतो आणि आम्ही चाललो."

"पंत, तुमचीच आयुष्याची मेहनत..."

"माझीच आहे, म्हणून म्हणतोय."

तारामतीनं त्यांच्याकडं पाहिलं. मनातला राग काही गेला नाही, पण त्या रागात कुठंतरी एक जागा झाली.

मांडव भरला होता. प्राध्यापकांनी छान भाषण केलं. डोंगर, धुकं, क्षणभंगुरता वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तारामतीनं तंबोरा मांडीवर घेतला आणि सूर लावण्याऐवजी ती बोलू लागली. आवाज थरथरेल असं तिला वाटलं होतं. थरथरला नाही.

"माझे मालक बलभीम, राहणार अणदूर. पलटणीत होते. जपान्यांच्या कैदेत त्यांना उपाशी ठेवून राबवलं आणि तापात उठता येईना म्हणून बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. त्यात ते गेले. ही गाणी जपानी कवितांची आहेत. मी शिकले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. मी गाणार आहे."

 कलेक्टरसाहेब समोरच्या तक्क्याकडं बघत राहिले. तारामतीनं भटियाराचा सूर लावला.

तिला नंतर त्या गाण्यातलं फारसं आठवत नसे. एवढंच आठवे, की पलीकडच्या काठावर कुणीतरी उभं असलेलं तिला दिसत होतं, आणि ते कोण आहे हे ओळखू येत नव्हतं. कधी बलभीम वाटे, कधी हातात बंदूक असलेला दुसराच कुणी. आणि त्या दुसऱ्यालाही ती हाकलू शकत नव्हती, कारण सूर लावला की दोघंही तिथंच असत. तोडी झाली. विहिरीच्या पोहऱ्यातून आकाश सांडल्याची ती कविता होती. मधल्या रांगेतला एक पागोटेवाला म्हातारा, जुना शिपाईगडी असावा, ताडकन उठला. "लाज न्हाय वाटत?" असं मोठ्यानं म्हणून तो पायांत वहाणा सरकवत बाहेर गेला. त्याच्यामागं आणखी दोघेतिघे उठले.

आता भीमपलासी. महांतप्पानं ठेक्यासाठी हात उचलला. विष्णुपंत मागं दुसऱ्या तंबोऱ्यावर होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. तारामतीनं श्वास घेतला, आणि तिच्या डोळ्यांपुढं पदराच्या टोकानं ओठ पुसणारी म्हातारी आली.

ती महांतप्पाकडं वळून हलक्या आवाजात म्हणाली, "मारवा."

"आँ?"

"मारवा घ्या."

महांतप्पानं विष्णुपंतांकडं पाहिलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण बोटं क्षणभर थबकली आणि पुन्हा फिरू लागली. मारवा झाला, बागेश्री झाला. शेवटची सम आली, थांबली. मग टाळ्या झाल्या, तुरळक, इकडंतिकडं, पावसाचे चार थेंब पडून थांबावेत तशा. प्राध्यापक पुढं आले आणि नाराजीनं म्हणाले, "मधलंच राहिलं हो! कणाच तो. दुपार नाही तर दिवस कसला?" तारामतीनं त्यांना नमस्कार केला आणि तंबोऱ्याला गवसणी घालू लागली.

विष्णुपंतांनी विचारलं ते दुसऱ्या दिवशी, तुळजापूरला आल्यावर. "तिसरं का सोडलंस?"

"ते आता आत्यांचं झालंय," तारामती म्हणाली. "त्यांच्या मुलाचं नाव आहे त्यात. त्यांना विचारल्याशिवाय मला गाता येत नाही. आणि मी त्यांना विचारणार नाही."

घडला प्रकार तिनं सांगितला. म्हातारीनं पुढची ओळ लावली हे ऐकून विष्णुपंतांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते सुख होतं की दुःख, हे तारामतीला सांगता आलं नसतं. "काय लावली ओळ? म्हण बघू," असं ते म्हणायला गेले, आणि तिच्या तोंडाकडं बघून गप्प झाले.

गावात महिनाभर चर्चा चालली. शाळेच्या कमिटीत कुणीतरी विषय काढला, की विधवा बाईनं भर मांडवात बसून शत्रूची गाणी गायची म्हणजे काय. विष्णुपंत स्वतः जाऊन कमिटीपुढं उभे राहिले, तेव्हा ते मिटलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तारामती दोन्ही वेळा त्यांच्याकडं जायची, पेज भरवायची. तोंड वाकडं झालं होतं, बोलणं कळायला वेळ लागायचा. एकदा त्यांनी तिचं मनगट धरलं आणि मोठ्या कष्टानं म्हटलं, "तिसरं. एकदा. माझ्यापुरतं."

तिनं भटियारातलं गायलं, बागेश्रीतलं गायलं. ते वाट बघत राहिले. तिनं ते गायलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. त्यांच्या तेराव्याला तारामतीनं कुणाच्या देखत नाही, पण रांधणीत धुराच्या आडोशाला बसून खूप रडून घेतलं. आपण बरोबर केलं की त्या माणसाला उगीच उपाशी पाठवलं, याचा उलगडा तिला तेव्हाही झाला नाही आणि पुढंही नाही.

अणदूरला ती जात राहिली. मथुराबाई तिच्याशी बोलायची, पण जात्यावर गाणं तिनं सोडून दिलं होतं. मुकाट्यानं दळायची. कोंडीरामच्या बायकोनं एकदा विचारलं, "आत्या, हल्ली म्हणत का न्हाईत?" तर म्हातारी म्हणाली, "याद ऱ्हात न्हाय गं." तारामती तिथंच होती. ती उठून गोठ्याकडं गेली.

दोनेक वर्षं अशीच गेली. एका फाल्गुनात शाळेला सुट्टी होती आणि ज्वारी काढून झाली होती. शेतात पेंढ्यांचा ढीग घालून सासू-सून कणसं मोडत बसल्या होत्या. ऊन चढत होतं. बऱ्याच वेळानं मथुराबाईनं हातातलं कणीस टोपलीत टाकलं आणि मान वर न करता विचारलं, "त्यांच्याकडं जोंधळा पिकतो का गं?"

"कुणाकडं?"

"त्येंच्याकडं. गाणंवाल्यांकडं."

तारामतीचे हात थांबले. "न्हाय, आत्या. भात पिकतो म्हणं तिकडं."

"भात." म्हातारीनं दुसरी पेंढी पुढं ओढली. "आन त्या गाण्यात सदरा धुती, ती कोण हाय? आई हाय का बायकू?"

तारामतीनं आठवून पाहिलं. पाची गाणी तिनं इतक्यांदा म्हटली होती, पण हे तिनं कधी विचारलं नव्हतं. विष्णुपंतांनाही नाही, त्या प्राध्यापकांनाही नाही. ती बाई म्हणजे आपणच, असं धरून ती गात आली होती.

"ठाऊक न्हाय," ती म्हणाली. "त्यात सांगितलेलं न्हाय."

"आईच आसंल," मथुराबाई म्हणाली आणि कणसं मोडू लागली.   ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघींनी मिळून तो ढीग संपवला आणि टोपल्या डोक्यावर घेऊन, एकीमागं एक, बांधावरून घराकडं निघाल्या.